पहिली अ‍ॅडव्हेंचर बाईक: पडली तर एकट्याने उचलता येईल अशीच घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. उंची ५ फूट ५ इंच, वजन ६२ किलो, गेली ६ वर्षं १२५ सीसीची साधी गाडी, कच्च्या रस्त्याचा अनुभव जवळजवळ नाही. आता सुट्टीच्या दिवशी खडी, माती, नदीकाठ असं फिरायचंय आणि वर्षातून एकदा ८-१० दिवसांची लांबची ट्रिप करायचीय. यादीत तीन गाड्या आहेत, रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम २५० एसएक्स आणि हीरोची एक्सपल्स २०० ४व्ही. मित्र म्हणतायत सरळ मोठी घे, छोटी वर्षभरात कमी पडायला लागते. आणि शेवटी, मागे कुणी बसणार असेल तर काय, हेही विचारलंय.

मी बरीच वर्षं कच्च्यात गाडी चालवतोय आणि त्यातली ९ वर्षं नवीन लोकांना शिकवतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण ज्या गोष्टीवर सगळं अडतं ती आधीच सांगतो. वजन. पॉवर, टॉर्क, डिस्प्ले, मोड हे सगळं नंतर. कच्च्यात शिकणारा माणूस पडतो, सगळेच पडतात, आणि पडल्यानंतर ती गाडी एकट्याने, दमलेल्या अंगाने, तिसऱ्यांदा उचलता येते का, यावर तो पुढे शिकणार की नाही हे ठरतं.

माझी स्वतःची पहिली अशी गाडी २१० किलोच्या वरची होती. दिसायला सुंदर, रस्त्यावर एकदम रुबाबदार. दुसऱ्याच महिन्यात एका कोरड्या नदीच्या पात्रात नेली, चालण्याच्या स्पीडला पुढचं चाक वाळूत रुतलं आणि गाडी सावकाश आडवी झाली, मला काही लागलं नाही, गाडीलाही ओरखडा सोडला तर काही नाही. तीन वेळा उचलायचा प्रयत्न केला, चौथ्यांदा पाठीत चमक आली, मग दीड तास उन्हात बसून राहिलो तेव्हा एक ट्रॅक्टर आला आणि दोघांनी मिळून ती उभी केली. पण खरं नुकसान पाठीचं झालं नाही. त्यानंतर सहा-सात महिने मी वाळू दिसली की गाडी वळवायचो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी गाडी घेतली तीच करायची बंद केली, कारण डोक्यात सारखं एकच, परत पडली तर. हे मी आता दर बॅचमध्ये बघतो. १४०-१६० किलोच्या गाडीवरचा मुलगा किंवा मुलगी दिवसात पाच-सहा वेळा पडते, उठते, गाडी उचलते, परत त्याच खडीत जाते आणि संध्याकाळी बिनधास्त आठचा आकडा काढत असते. २०० किलोच्या गाडीवरचा माणूस दुसऱ्यांदा पडला की हात थरथरायला लागतात, तिसऱ्यांदा पडला की म्हणतो मी जरा बाजूला बसून बघतो. हिंमत दोघांची सारखीच असते, फक्त एकाला चूक परवडते आणि दुसऱ्याला परवडत नाही.

आता आकडे. ब्रोशरमध्ये वजन बघताना ते कर्ब वेट आहे की ड्राय वेट हे नीट वाचा, कर्ब म्हणजे पेट्रोल, ऑइल, बॅटरी सगळं भरून, ड्राय म्हणजे त्यातलं बरंच काही वगळून, आणि दोन्हींत सहज १०-१५ किलोंचा फरक पडतो. एक्सपल्स २०० ४व्ही कर्ब १६० किलोच्या आसपास, व्ही-स्ट्रॉम २५० एसएक्स १६७, बीएमडब्ल्यू जी ३१० जीएस १७५, केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर मॉडेलप्रमाणे १७५ ते १८५ च्या पट्ट्यात, हिमालयन ४५० आणि होंडा एनएक्स ५०० दोन्ही १९६, आणि यामाहा टेनेरे ७०० साधारण २०५. होंडाची सीआरएफ ३०० एल १४२ किलो आहे, ती या सगळ्यांत हलकी. तुमच्या ६२ किलोसमोर १६० आणि १९६ मधला ३६ किलोंचा फरक कागदावर बारीक दिसतो, पण मऊ मातीत गाडी तिरकी व्हायला लागली आणि एका पायावर सावरायची वेळ आली की तो फरक गुडघ्याला कळतो. आणि वजन कुठे आहे तेही बघा. पेट्रोल लिटरला पाऊण किलो, म्हणजे १७ लिटरची टाकी पूर्ण भरली की वरच्या बाजूला जवळपास १३ किलो. म्हणून शिकायच्या दिवशी टाकी अर्धीच ठेवा, तीच गाडी हलकी वाटेल.

उचलायची पद्धत इथेच सांगून टाकतो, कारण गाडी घ्यायच्या आधी ही माहीत असलीच पाहिजे. पडल्यावर आधी स्वतःचे हातपाय बघायचे, मग किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), मग पेट्रोल गळतंय का ते. गाडी उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचलल्याच्या जोशात ती पलीकडे आडवी होते, हे मी इतक्या वेळा बघितलंय की काही विचारू नका. शक्य असेल तर गिअरमध्ये टाका म्हणजे घरंगळणार नाही. ज्या बाजूला पडलीय त्या बाजूला हँडल पूर्ण वळवायचं, खालची ग्रिप टाकीजवळ येते. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवायचं, एक हात त्या ग्रिपवर, दुसरा मागच्या ग्रॅब रेलवर किंवा फ्रेमवर, पाठ सरळ, गुडघे वाकवलेले, आणि पायांच्या जोराने मागे मागे बारीक पावलं टाकत जायचं. हातांनी उचलायचं नाही, पाठीने तर अजिबात नाही. उतारावर पडली असेल आणि चाकं वरच्या बाजूला असतील तर तशी उचलायच्या भानगडीत पडू नका, आधी गाडी आडवीच ओढून फिरवा, चाकं खालच्या बाजूला आणा, मग अर्ध काम उतारच करतो. जी गाडी पसंत पडतेय ती ज्याच्याकडे आधीच आहे असा कुणी मिळाला, तर गवतावर दोन माणसांनी धरून सावकाश आडवी करून ही एकदा करून बघा. या एका गोष्टीने लोकांचे निर्णय बदललेले मी पाहिलेत.

दुसरी भीती सीट हाईटची. इथे मात्र लोक आकड्याला उगाच जास्त घाबरतात. ८३५ मिमी वाचलं की ५ फूट ५ इंचाचा माणूस गाडी सोडूनच देतो. पण बघा, उंचीपेक्षा पायाची आतली लांबी महत्त्वाची, सारख्या उंचीच्या दोन माणसांत ती वेगळी असते, आणि सीट किती रुंद आहे तेही तितकंच महत्त्वाचं, रुंद सीटवर पाय आधी बाजूला पसरतो आणि मग खाली जातो. शिवाय तुम्ही बसलात की सस्पेन्शन दबतं. त्याला सॅग म्हणतात, नीट सेट केलेल्या गाडीत रायडर बसल्यावर एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे सस्पेन्शन जितकं वर-खाली हलू शकतं त्याच्या, साधारण ३० टक्के दबलं पाहिजे असा हिशोब असतो. सीआरएफ ३०० एलची सीट ८८० मिमी, आकडा भयंकर, पण ट्रॅव्हल २६० आणि सीट एकदम अरुंद, त्यामुळे प्रत्यक्षात बसल्यावर ती आकड्याइतकी उंच वाटत नाही. तुमच्या ६२ किलोने मात्र ती कमी दबेल, म्हणून ती तुमच्यासाठी मी पहिल्या नंबरला धरत नाही. एक्सपल्सची ८२५, हिमालयन ४५० ची ८२५ वरून ८४५ करता येते आणि कमी उंचीची ८०५ ची सीटही तिला मिळते, व्ही-स्ट्रॉमची ८३५. या सगळ्यांत तुमचा एक पाय नीट टेकेल. दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत हा हट्ट सोडा, एका पायाचा पुढचा अर्धा तळवा घट्ट टेकला आणि दुसरा पाय मागच्या ब्रेकवर राहिला की काम होतं. थांबताना बूड त्या बाजूला दोन बोटं सरकवायचं, एवढी सवय एका दिवसात लागते.

लोअरिंग किट लावून गाडी खाली घ्यायचा सल्ला कुणी दिला तर थोडं थांबा. मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून मागची बाजू खाली आली की ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि जमीन यातलं अंतर) जातो, पुढचे फोर्क (पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्या) त्या मापात वर सरकवले नाहीत तर हँडलिंग बिघडतं, आणि साईड स्टँड लांब पडून गाडी उभीच्या उभी राहते आणि जराशा धक्क्याने पलीकडे पडते. आधी सीटचा फोम कडेने थोडा तासून बघा, नाहीतर जाड तळाचे बूट घाला, आणि त्यानेही भागत नसेल तर मग ती गाडी तुमची नाही. एक्सपल्सचं प्रो व्हर्जन पण याच कारणासाठी तुम्ही बघू नका, त्यात सस्पेन्शन ट्रॅव्हल वाढवून सीट ८९१ मिमीवर नेलीय.

आता मित्रांचा मुद्दा, छोटी कमी पडेल. कशात कमी पडेल हे विचारा त्यांना. सरळ मोठ्या रस्त्यावर, समोरून वारा, सामान बांधलेलं, ११० ने दिवसभर जायचं असेल तर हो, २०० सीसी कमी पडते, खोटं कशाला बोलू. ८०-९० ला ती मजेत चालते, त्याच्या वर इंजिनचा आवाज आणि थरथर सांगते की तिला ओढताय. पण कच्च्या रस्त्यावर नवा माणूस बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असतो, २०-३० च्या स्पीडला, तिथे हिमालयनसारखे ४० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) हवेत कुणाला? उलट तिथे जास्त ताकदीची गाडी थ्रॉटलचा हात जरा हलला की मागचं चाक फिरवते. १९७९ ची पहिली पॅरिस-डकार, म्हणजे वाळवंटातली ती प्रसिद्ध शर्यत, सिरिल नेव्हो जिंकला तो यामाहाच्या एक्सटी ५०० वर, एकच सिलिंडर, एअर कूल्ड, आणि २०११ पासून तर डकारमध्ये मोटरसायकलला ४५० सीसीची मर्यादाच आहे. म्हणजे हजारो किलोमीटर वाळू तुडवणाऱ्या, जगातल्या सगळ्यात तयारीच्या रायडर्सचं ४५० मध्ये भागतं, आणि पहिली गाडी घेणाऱ्याला ५०० च्या खाली बोलायला लाज वाटते, हे मला खरंच खुपतं.

पॉवरपेक्षा विचारायचा प्रश्न म्हणजे गाडी चालण्याच्या स्पीडला किती शहाण्यासारखी वागते. नवख्या माणसाचं पडणं बहुतेक वेळा स्पीडने होत नाही, ते झिरो स्पीडला होतं. चढावर इंजिन बंद पडतं, गाडी थांबते, पाय खाली जातो तर तिथे जमीन चार बोटं खाली, आणि गाडी त्या बाजूला गेली. म्हणून पहिला गिअर किती छोटा आहे, क्लच हलका आहे का, तो सुटताना मधला पट्टा लांब आणि कळणारा आहे का, आणि खालच्या आरपीएमला इंजिन दम धरतं का, हे चार तपासा. जुन्या हिमालयन ४११ ची यात ख्याती होती, पॉवर जेमतेम २४ पीएस पण ३२ एनएम टॉर्क खालीच मिळायचा, बंद पडायचं नाव नाही, सीट पण ८०० मिमी. पण वजन १९९ किलो, तिथे परत गाडं अडतं. जी ३१० जीएसचं उलट, ३१३ सीसीला ३४ पीएस आहे पण ती ताकद वर फिरवल्यावर येते, हळू जाताना क्लचचा हात चांगला लागतो. एक्सपल्सला खाली ताकद कमी वाटली तर पुढच्या स्प्रॉकेटचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा) एक दात कमी करा, त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये बरीच समंजस होते, बदल्यात मोठ्या रस्त्यावर त्याच स्पीडला इंजिन थोडं जास्त फिरतं. लांबच्या ट्रिपला जुनं स्प्रॉकेट परत चढवायचं, चेनची लांबी आणि ताण तेवढा बघायचा.

उंच डोंगरी भागात जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. वर हवा विरळ असते, ३००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या पाऊणपट होते, म्हणजे टर्बो नसलेल्या कुठल्याही इंजिनाची ताकद साधारण पाव हिस्सा जाते. फ्युएल इंजेक्शन मिश्रण बरोबर ठेवतं त्यामुळे गाडी कार्ब्युरेटरसारखी काळा धूर सोडत गुदमरत नाही, पण ऑक्सिजनच कमी, त्याला ते काय करणार. १९ पीएसची गाडी तिथे १४ ची होते. एकटे असाल तर चालतं, दुसरा माणूस आणि सामान असेल तर पहिल्या गिअरमध्ये चढत राहायची तयारी ठेवा. तुमच्या यादीत हिमालयनचा खरा फायदा हा इथे आहे, मोड किंवा स्क्रीनमध्ये नाही.

चाकं. पुढे २१ इंची चाक असलं की दगड, खड्डा, ओंडका यांच्यावरून ते सहज चढतं कारण मोठं चाक त्याच दगडाला कमी उभ्या कोनात भिडतं. १९ इंची चाक डांबरावर पटकन वळतं आणि खडीपर्यंत छान काम करतं, मोठ्या दगडांत मात्र हँडलला जास्त झटके देतं. एक्सपल्स आणि हिमालयनला २१, व्ही-स्ट्रॉम, जी ३१० जीएस, एनएक्स ५०० यांना १९. आणि मग तारा की अलॉय. तारांचं चाक दगडावर आपटलं तर रिम थोडी वाकते आणि बहुतेक वेळा ठोकून, तारा ओढून परत सरळ होते, अलॉय जोरात आपटलं तर तडा जाऊ शकतो आणि मग रस्त्यात काही इलाज नाही. पण साध्या तारांच्या चाकात ट्यूब असते, पंक्चर झालं की चाक खोलायचं, टायर उतरवायचा, ट्यूब काढायची, हे तुम्हाला स्वतःला यायलाच हवं. ट्यूबलेसमध्ये दोरी खुपसली, हवा मारली, निघालो. हिमालयन ४५० ला तारांमध्ये ट्यूबलेस चाकांचा पर्याय आहे, तो मिळत असेल तर मी दुसरा विचार करणार नाही.

गाडीबरोबर आलेले टायर बहुतेक वेळा डांबराकडे झुकलेले असतात. ते झिजले की लगेच मोठ्या उठावाच्या नक्षीचे, अर्धे रस्ता अर्धे माती असे टायर घाला, आणि कच्च्यात शिरताना हवा थोडी कमी करा. हलक्या गाडीला मी २० ते २२ पीएसआयपर्यंत येतो, त्याच्या खाली ट्यूबवाल्या चाकात जात नाही कारण दगडावर रिम आणि टायरच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. परत डांबरावर आलात की हवा भरायची, आळस करायचा नाही, त्यासाठी छोटा पंप कायम जवळ पाहिजे. एखादा माणूस एक्झॉस्ट आधी बदलतो आणि टायर तेच ठेवतो तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण जमिनीला धरून ठेवणारी गोष्ट ती एकच आहे.

एबीएसबद्दल नीट समजून घ्या. सुट्या खडीत लॉक झालेलं मागचं चाक पुढे मातीचा ढीग जमवतं आणि त्या ढिगामुळे गाडी थांबते, एबीएस चाक लॉक होऊ देत नाही म्हणून उतारावर असं वाटतं की ब्रेकच लागत नाहीये. म्हणून मागचा एबीएस बंद करता येणं ही कामाची सोय आहे. हिमालयन ४५० ला ती आहे, एक्सपल्स २०० ४व्ही मध्ये एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे त्यामुळे मागचं चाक तसंही मोकळं, व्ही-स्ट्रॉम एसएक्सला बंद करता येत नाही. पुढचा एबीएस मात्र सुरुवातीची दोन वर्षं चालूच ठेवा, कच्च्यात घाबरून पुढचा ब्रेक दाबला जातो तेव्हा तो दात वाचवतो.

सस्पेन्शन ट्रॅव्हल हिमालयनला दोन्हीकडे २००, एक्सपल्सला पुढे १९० मागे १७०, दोन्ही तुम्हाला पुरून उरतात. ग्राउंड क्लिअरन्स २०० च्या वर असला की बास. पेट्रोलची टाकी लिटर गुणिले मायलेज करून बघायची आणि त्यातले शेवटचे ५० किलोमीटर धरायचे नाहीत, १२-१३ लिटर आणि छोटं इंजिन असेल तर कुठेही अडत नाही.

उभं राहून चालवताना कसं वाटतं याकडे मात्र जरा वेळ द्या, शोरूममध्ये हे कुणीच बघत नाही. कच्च्यात तुम्ही फूटपेगवर उभे असणार, गुडघ्यांनी टाकी धरलेली, कोपर बाहेर, हात सैल. उभं राहिल्यावर हँडलसाठी कमरेत खूप वाकावं लागतंय का, टाकी गुडघ्यात बसते का की मधेच पसरते, गिअर लिव्हरखाली जाड बूट जातो का. हँडल थोडं पुढे फिरवून आणि क्लच-ब्रेकचे लिव्हर थोडे खाली वळवून निम्मे प्रश्न सुटतात, फक्त एक पाना लागतो. लिव्हरचे क्लॅम्प एकदम करकचून आवळू नका, पडल्यावर ते फिरले पाहिजेत, म्हणजे लिव्हर तुटत नाही.

तर तुमच्या तिघींत. तुम्ही लिहिलंय की बहुतेक सुट्ट्यांना कच्चे रस्तेच करायचेत आणि शिकायचंय, लांबची ट्रिप वर्षातून एकदा. मग माझं उत्तर एक्सपल्स. वर्षातल्या ४०-४५ सुट्ट्या शिकण्यात जाणार आणि ८-१० दिवस ट्रिपमध्ये, गाडी त्या ४०-४५ दिवसांसाठी निवडायची, ट्रिप तुम्ही ८५ च्या स्पीडने आणि रोज थोडं लवकर निघून आरामात पूर्ण कराल. हेच प्रमाण उलटं असतं, म्हणजे बराचसा डांबर, रोजचं कामावर जाणं-येणं आणि कधीतरी चांगली खडी, तर मी डोळे झाकून व्ही-स्ट्रॉम एसएक्स सांगितली असती, २६.५ पीएस, शांत इंजिन, ट्यूबलेस, काही कटकट नाही. हिमालयन ४५० गाडी म्हणून या तिघींत सगळ्यात परिपूर्ण आहे यात वाद नाही, आणि दोन वर्षांनी तुम्ही तिच्यावर बसलात तर ती तुमच्या हातात खेळेल. आज बसलात तर तुम्ही तिला जपत बसाल. यादीबाहेर एक्सपल्स २१० पण बघून घ्या, लिक्विड कूल्ड इंजिन, सहा गिअर आणि वजन १७० च्या आतच, मोठ्या रस्त्यावरची तक्रार त्यात बरीच कमी होते.

पण यातलं काहीही घेताना तुमच्या राहत्या ठिकाणाहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा अंतरावर सर्व्हिस आणि पार्ट मिळतात का हे आधी विचारा. ब्रेक लिव्हर, क्लच केबल, एअर फिल्टर, पुढचा मडगार्ड, या चार गोष्टी किती दिवसांत येतात एवढंच विचारा, उत्तरावरून पुढचं कळतं.

सेकंडहँडचा विचार असेल तर मी उलट आनंदाने हो म्हणेन, कारण पहिल्या ओरखड्याचं दुःख आधीच्या मालकाने सोसलेलं असतं. फक्त पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा, मधे खटकन अडकलं तर बेअरिंग गेलंय. फोर्कच्या नळ्यांवर ऑइलचा ओला पट्टा दिसला तर सील गेलेत, ते बदलता येतात, पण नळीवर खोल खरचटलेलं असेल तर गाडी सोडा. तारा एकेक करून पेन्सिलने वाजवा, सैल तार बद्द आवाज देते. बॅश प्लेटवर (इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्यावर) चेपा असणं वाईट नाही, ती त्यासाठीच असते, तिच्या मागे इंजिनच्या केसिंगला तडा आहे का ते टॉर्च घेऊन बघा. आणि मागच्या कॅरिअरच्या जोडांजवळ फ्रेम वाकलीय का, तिथे परत वेल्डिंग केलंय का, हे नक्की, कारण जास्त सामान लादलेल्या गाडीची खूण तिथेच सापडते.

गाडी आली की आधी हँडगार्ड, तो पण आत धातूची पट्टी असलेला, आणि बॅश प्लेट. त्याच्याही आधी घोट्याच्या वर येणारे कडक बूट. हेल्मेट तर हवंच, पण कच्च्यात सगळ्यात जास्त मार पावलाला आणि घोट्याला बसतो आणि लोक स्पोर्ट शूजवर येतात, मी अशांना सरळ परत पाठवतो. सामानासाठी मऊ बॅगा घ्या. धातूच्या पेट्या दिसायला भारी, पण वाळूत पाय खाली टेकवला आणि गाडी पुढे गेली की पेटी मागून पोटरीवर येते, माझ्याबरोबरच्या एकाचा पाय असाच मोडलाय, १५ च्या स्पीडला. मऊ बॅग दबते, पाय सुटतो, आणि वजनही कितीतरी कमी.

टेस्ट राईडला गेलात की १०० ने पळवून बघण्यात वेळ घालवू नका. इंजिन बंद करून गाडीच्या शेजारी उभं राहून तिला हाताने पार्किंगमध्ये आठच्या आकड्यात फिरवा, मग बसून पायांनी मागे ढकला, शक्य तर हलक्या चढावर. मग पहिल्या गिअरमध्ये, थ्रॉटल न देता नुसत्या क्लचवर माणूस चालतो त्या स्पीडने वीस पावलं जा आणि दोन्ही बाजूंना हँडल पूर्ण वळवून यू टर्न घ्या. जी गाडी हे करताना तुमचे खांदे ताठ करत नाही ती घ्या.

आता मागे बसणाऱ्याचं. प्रत्येक गाडीला एकूण किती वजन चालतं हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, त्यात तुम्ही, मागचा माणूस, सामान, बॅगांचे स्टँड, क्रॅश गार्ड सगळं मोजायचं, आणि दोन माणसं अधिक ट्रिपचं सामान म्हटलं की छोट्या गाडीत तो आकडा पटकन भरतो. डांबरावर थोडं जवळपास फिरायला एक्सपल्स चालेल, मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा दाब) वाढवा आणि टायरची हवा मॅन्युअलमध्ये दोघांसाठी दिलेली ठेवा. कच्च्यात मात्र पहिलं वर्षभर मागे कुणालाच बसवू नका. मागचं वजन पुढचं चाक हलकं करतं, नेमकं वळायच्या वेळी ते सरकतं, आणि तुम्हाला उभं राहून गाडी मोकळी सोडता येत नाही. ज्याला न्यायचंय त्याने खडबडीत तुकडा पायी चालत यावं, आम्ही अजूनही तसंच करतो. आणि जर तुमच्या निम्म्याहून जास्त राईड दोघांच्या असणार असतील, तर मला तसं कळवा, कारण मग माझं वरचं उत्तर बदलतं आणि हिमालयन पहिल्या नंबरला येते.